लोकांकडं तोंड केलेला माईक

प्रल्हादच्या कॅसेटची फीत मशीननं खाल्ली नव्हती. ती मी पुसली होती. हे एवढं वाक्य मी तीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, धंद्यातल्या भागीदाराला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आता तो ऐकायला नाही तेव्हा मला ते लिहायला सुचतंय, यातला भेकडपणा मला कळतो. तरी लिहितो.

सहा आठवड्यांपूर्वी सकाळी नांदेडच्या एका मंगल कार्यालयात स्पीकरच्या वायरी ओढत होतो, तेव्हा लातूरहून फोन आला. छायावहिनी होत्या, प्रल्हादची बायको. "भाऊजी, पहाटं गेले हे…" एवढंच म्हणाल्या. मी "निघतो" म्हणालो आणि हातातली वायर हाताखालच्या पोराकडं दिली. लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला जाताना मला त्याचा चेहरा आठवतच नव्हता. आठवत होती ती एक शिट्टी, सातासमुद्रापार कुठल्यातरी थिएटरात कुणीतरी वाजवलेली. त्या शिट्टीसाठी आम्ही दोघं आयुष्यभर दर भेटीत टेपरेकॉर्डरपुढं बसत आलो. ते कसं, हे सांगायचं तर दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

मी मूळचा कंधारचा, लिंगायत वाण्याच्या घरचा. वडिलांची इच्छा मी गल्ल्यावर बसावं अशी होती. मी नांदेडला गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका रेडिओ-टेपच्या दुकानात कामाला लागलो. वय बावीस, मला सगळे बसू म्हणायचे. काम दोन : बिघडलेले टेप उघडायचे आणि कॅसेटी भरून द्यायच्या. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचं, आम्ही दोन मशीनं समोरासमोर ठेवून कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून द्यायचो. मालकांना सगळे अप्पा म्हणायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि एका कॅसेटमध्ये दुसऱ्या दुकानापेक्षा दोन गाणी जास्त बसवण्याचा अभिमान. त्यासाठी त्यांची एक ठरलेली रीत होती. गाण्यापुढची-मागची माणसं काढून टाकायची. कव्वाली असो, भजन असो, भाषण असो, खोकला आला, 'वाहवा' आली, टाळ्या आल्या की आवाजाचं बटण खाली. "टाळ्या काट," अप्पा म्हणायचे, "टाळ्या कोण इकत घेतंय?" माझा हात त्यात इतका बसला होता की कुठं कापलं ते कुणाला सांगता यायचं नाही. त्या हाताचा मला गर्व होता, हेही सांगून टाकतो.

एकदा दर्शनाला आलेल्या विलायतेतल्या शीख कुटुंबातल्या एका तरुणाचा छोटा टेप बिघडला होता, तो मी नीट करून दिला. खूश होऊन त्यानं पैशांवर एक कॅसेट ठेवली. वर लांब जटावाल्या माणसाचा फोटो. अप्पांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि विचारलं, "कुठल्या मठाचा जंगम हाय रे ह्यो?" तो वेस्ट इंडीजकडचं रेगे संगीत गाणारा होता, आणि ती त्याच्या एका कार्यक्रमाची, लोकांसमोर गाताना उतरवून घेतलेली कॅसेट होती. पण हे मला खूप पुढं कळलं. मी ती ठेवली स्पीकर तपासायला. तिच्यातला खालचा जाड आवाज असा यायचा की फाटका स्पीकर लगेच उघडा पडायचा. गाणं म्हणून मी ती कधी ऐकलीच नव्हती.

ऐकली प्रल्हादनं. तो लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका खेड्यातला, बौद्ध वस्तीतला, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. त्याची भीमगीतांची गायन पार्टी होती : एक पेटी, एक ढोलकी, दोन कोरसवाले आणि हा. नांदेडला कार्यक्रमाला आले असता त्यांचा अँप्लिफायर जळाला म्हणून तो दुकानात आला. मी तो जोडून तपासायला नेहमीप्रमाणं जटावाल्याची कॅसेट लावली. प्रल्हाद जायला निघाला होता, तो उंबऱ्यातच थांबला.

"हे कोन गातंय?"

"काय माहीत. साहेबाचं गाणं आहे."

"साहेबाचं न्हाई हे," तो म्हणाला, आणि आत येऊन स्टुलावर बसला. "साहेब आसं रडून हासत न्हाई."

पूर्ण बाजू संपेपर्यंत तो हलला नाही. एका जागी गाणारा गायचा थांबतो, वाद्यं चालू राहतात आणि समोरची सगळी माणसं त्याच्याऐवजी गायला लागतात. आणि त्या गर्दीत डाव्या बाजूनं कुणीतरी एक लांब शिट्टी वाजवतो, अगदी सुरात, जणू तोही त्या पार्टीचाच आहे. प्रल्हादनं कॅसेटचं खोकं हातात घेतलं, उलटून पालटून पाहिलं आणि विचारलं, "ह्या लोकांची नावं न्हाईत का ह्याच्यावर?" मी हसलो. गर्दीची नावं कोण छापतं? तो मात्र हसला नाही.

पुढच्या खेपेला मी त्याला त्या कॅसेटची एक प्रत भरून दिली. मनापासून भरली, म्हणून माझ्या परीनं चांगली भरली : माणसं सगळी काढून. आठवड्यानं ती परत घेऊन तो मुरुडहून नांदेडला आला. "बसू," म्हणाला, "ह्याच्यात मानसंच न्हाईत." मी म्हणालो, गाणी सगळी आहेत की. तर मला ओढत बाहेर नेऊन रस्त्यावर त्यानं दोन दगड हातात घेतले. त्या वर्षी दुष्काळ होता. पाऊस नव्हताच, आणि लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. प्रल्हाद, त्याची माय, सगळी वस्ती रोजगार हमीच्या कामावर, नव्या जिल्ह्याच्या रस्त्यासाठी खडी फोडत होती. "हे बघ. हातोडा खाली येतो तवा आवाज हुतो. ढोलकी तिथं वाजती. पर हातोडा वर जातो तवा बाया श्वास घेत्यात, हुं करत्यात. ह्या जटावाल्याची गिटार तिथं वाजती. वर जाताना. खाली येताना न्हाई." त्यानं दगडावर दगड मारून दाखवलं, आणि मधल्या मोकळ्या जागेत तोंडानं 'चक्' केलं. "आन् त्या मोकळ्या जागंत मानसं बसल्यात. तू तीच काढलीस."

मला वाटतं, मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा गाणं ऐकलं. अप्पांच्या नकळत त्याला मूळ कॅसेटच देऊन टाकली. त्यानंतर आजपर्यंत मी शेकडो कार्यक्रमांचा आवाज सांभाळला, त्यातून घर उभं राहिलं, मुलं शिकली. त्या सगळ्याचा पाया तो रस्त्यावरचा दोन दगडांचा खेळ आहे. माझे गुरू बरेच झाले. पहिला मात्र खडी फोडणारा होता.

त्याच उन्हाळ्यात त्यानं मला कामावर बोलावलं. म्हणाला, जयंतीला वर्गणी जमणार नाही, मंडप नाही, म्हणून आदल्या दिवशी काम सुटल्यावर खडीच्या ढिगापुढंच गायचं. तू बॅटरीवरचा टेप घेऊन ये आणि एक माईक आमच्याकडं, एक लोकांकडं लाव. लोकांकडं माईक लावायचा असतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी दोन माईक, नव्या कोऱ्या कॅसेटी घेऊन मुरुडला उतरलो. ऊन कलत आलं होतं. बायांनी पदर झटकून डोक्यावर घेतले, टोपल्या उलट्या टाकून त्यावर बसल्या. प्रल्हादची माय, सोनामाय, सर्वांत पुढं. हातांना फडकी गुंडाळलेली, दात दोनच शिल्लक, पण बोलणं असं की मुकादमसुद्धा वळसा घालून जायचा. मला पाहून म्हणाली, "तूच का रं नांदेडचा मशीनवाला? जिल्हा आला म्हनं आमच्याकडं. येताना घागरभर पानी तरी आनायचं!" मग स्वतःच्या वाट्याचं पाणी मला दिलं. ते मी प्यायलो. कंधारच्या आमच्या घरी हे कळलं असतं तर काय झालं असतं हा विचार मनात आला, आणि पाणी पिऊन होईपर्यंत गेलाही.

त्या संध्याकाळी प्रल्हाद गायला तसा मी त्याला पुन्हा कधी ऐकला नाही. त्यानं स्वतः एक गाणं बांधलं होतं. तो विचारायचा, लोकांनी उत्तर द्यायचं. खडी कुणी फोडली? आम्ही. धोंडा कुणी उचलला? आम्ही. हा रस्ता कुणाचा? आमचा. आणि दोन ओळींच्या मध्ये तो थांबायचा, जटावाल्यासारखा, ढोलकी चालू ठेवून लोकांना जागा द्यायचा. सोनामायला मात्र थांबणं माहीत नव्हतं. प्रल्हाद "हा रस्ता…" एवढंच म्हणायचा, की ती कडाडायची, "आमचा!" एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा प्रल्हाद गाणं थांबवून माईकवरच म्हणाला, "माय, दम धर की जरा. मला इचारू तर दे."

सोनामाय म्हणाली, "इचारतूस कशाला? तुला ठावं न्हाई का?"

सगळी माणसं अशी हसली की ढोलकीवाल्याचा हात सुटला. मग त्या हसण्यातूनच कुणीतरी पुन्हा "आमचा" म्हणालं, आणि ढोलकी त्यांच्यामागं धावली. गाणं पार्टीच्या हातून लोकांच्या हातात गेलं होतं. मी टेपवरचे आवाजाचे काटे बघत होतो. माझ्या अंगावर काटा आला होता.

सगळं संपल्यावर प्रल्हादनं कॅसेट माझ्याकडून मागून घेतली आणि किल्लीच्या टोकानं तिच्या पाठीवरच्या दोन्ही चकत्या मोडून टाकल्या. जुन्या लोकांना आठवत असेल, त्या चकत्या मोडल्या की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. "आता कुनाच्या बापाला पुसता याची न्हाई," असं म्हणून त्यानं ती माझ्या हातात दिली. दहा प्रती भरून मागवल्या, मूळ कॅसेट जपून ठेवायला सांगितली.

नांदेडला अप्पांनी ती ऐकली. "गडी गातो चांगला," म्हणाले, "पर हे काय बाजार भरल्यागत? साफ कर." मी 'नाही' म्हणू शकलो असतो. त्या दोन दगडांनंतर तर मला न कळण्याचं कारणच नव्हतं. पण मी साफ केलं. सवय होती म्हणून, मालक पाठीशी उभे होते म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझा हात किती सफाईचा आहे हे मलाच पाहायचं होतं म्हणून. सोनामायचं मधेच कडाडणं, तिचं वाक्य, त्यावरचं हसणं, ढोलकीचा सुटलेला हात, सगळं इतकं बेमालूम निघालं की गाणं जणू एका दमात गायलेलं. मनाशी म्हणालो, मूळ तर आपल्याकडं आहेच. प्रल्हाद भेटला की मूळ देऊ, म्हणू, ही तुझ्यासाठी.

पुढच्याच आठवड्यात कोऱ्या कॅसेटी संपल्या. हैदराबादहून माल यायचा होता, आणि एक गिऱ्हाईक लग्नासाठी सनई भरून मागत दारात उभं. अप्पा म्हणाले, "त्या खडीवाल्याची हाय की. तिची प्रत झाली न्हवं?" मी कॅसेट हातात घेतली. पाठीवर दोन मोडलेली भोकं. चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले, भोकांवर नीट चिकटवले, नखानं दाबून कडा बसवल्या. त्या नखाची जाणीव मला अजून आहे. मग बटण दाबलं.

ते लग्न दुष्काळापायी पुढं ढकललं गेलं. सनईची कॅसेट न्यायला कुणी आलंच नाही.

प्रल्हादला दहा साफ प्रती मिळाल्या. त्यानं ऐकल्या आणि एवढंच म्हणाला, "मूळ हाय न्हवं?" मी हो म्हणालो. तो निश्चिंत झाला. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना माणसं लागत होती, त्याला लातूरला लिपिकाची नोकरी लागली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी सोनामाय तापानं गेली. पंधरा दिवसांनी तो नांदेडला आला. डोकं भादरलेलं नव्हतं, रडूनही झालं होतं, फक्त दाढी वाढलेली. स्टुलावर बसला, त्याच. म्हणाला, "बसू, तेवढी मूळ कॅसेट दे. मायचा फोटो काढायचा ऱ्हाऊन गेला. आवाज तेवढा हाय."

मी खाली मान घालून एक टेप उघडत होतो. मान वर न करता म्हणालो, "प्रल्हाद, ती… मशीननं फीत खाल्ली रे. फाटली. फेकून दिली."

तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे. दुष्काळ हाय बसू… मशीनलाबी भूक लागली आसंल." आणि हसला. मलाच समजावत होता तो. मग स्वतःच्या पैशानं मला चहा पाजून लातूरच्या गाडीत बसला.

त्यानंतर तीस वर्षं त्यानं त्या कॅसेटचं नाव काढलं नाही. माझ्या लग्नात तो आला; कंधारच्या आमच्या पंगतीत माझ्या शेजारी बसला, आणि वडिलांनी स्वतः त्याला वाढलं. पुढं मी अप्पांचं दुकान सोडून मंडपाचा साउंड चालू केला तेव्हा पहिलं काम त्यानंच लातूरला मिळवून दिलं. त्या कामापासून मी एक रीत पाळत आलो : कार्यक्रम कुणाचाही असो, एक माईक लोकांकडं तोंड करून. पोरं हसतात, म्हणतात, काका, ह्यात फक्त खोकला येतो. येऊ दे म्हणतो. लातूरला गेलो की जेवणाआधी जटावाल्याची कॅसेट व्हायची. प्रल्हाद कचेरीचा शर्ट काढून बनियनवर बसायचा, शिट्टीची जागा जवळ आली की एक बोट वर करायचा. छायावहिनी आतून म्हणायच्या, "आली का शिट्टी? मग वाढू का?" त्या घरात शिट्टी झाल्यावर भाकरी वाढायची असा नियमच होऊन गेला होता. मला एकदा म्हणाला होता, हे गाणं कितीदा ऐकलं तरी जुनं होत नाही, कारण गाणारा दरवेळी तोच असतो पण आपण दरवेळी नव्यानं त्या गर्दीत जाऊन उभे राहतो. त्यातलं एक अक्षर आम्हाला कधी कळलं नाही. कळायचं राहिलं असं मात्र कधी वाटलं नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा मूत्रपिंडानं त्याला पार बेजार केलं होतं. हात सुकून काडीसारखे. पण उशाशी टेप होता. आम्ही ऐकलं. बोट वर करायची ताकद नव्हती, त्यानं चादरीवरच ते थोडं हलवलं. शिट्टी झाल्यावर म्हणाला, "त्या शिट्टीवाल्याला काय म्हाईत, लातूरला दोघं जनं त्याची वाट बघत्यात…" मला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. "प्रल्हाद, ती मायची कॅसेट…" एवढं बोललो असेन. त्यानं डोळे मिटूनच विचारलं, "माईक लोकांकडं फिरवतोस न्हवं आजून?"

"फिरवतो."

"मग झालं की," म्हणाला.

त्याला माहीत होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. माहीत होतं असं मानणं सोयीचं आहे, म्हणून मी ते मानत नाही.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाचा आवाज मीच लावला. एक माईक लोकांकडं होता. निघताना वहिनींनी जटावाल्याची कॅसेट माझ्या हातात ठेवली. "तुमचीच हाय म्हनायचे. द्या म्हनले होते." ती आता माझ्या टेबलावर आहे. तिच्या शेजारी दुसरी आहे, पाठीवर पिवळी पडलेली चिकटपट्टी असलेली. हो, ती सनईची कॅसेट मी दुकान सोडताना खिशात घालून आणली होती. सनई फितीच्या टोकापर्यंत पुरलेली नाही. ती संपली की दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी मूळचं अर्धं मिनिट शिल्लक आहे. त्यात सोनामाय नाही. मी किती वेळा शोधलं आहे. त्यात टोपल्या उचलल्याचा आवाज आहे, बाया उठून चालल्या आहेत, एक कुत्रं भुंकतं. मग प्रल्हाद जवळ येऊन विचारतो, "आलं का रं सगळं?" आणि बावीस वर्षांचा मी सांगतो, "आलं. सगळं आलं."

येत्या रविवारी मी लातूरला जातोय. हा लेख छापून यायच्या आधी वहिनींसमोर बसून तो वाचायचा आहे, आणि ते अर्धं मिनिट त्यांच्या हातात द्यायचं आहे. बाकीचं मी पुसलं, हे त्यांच्या घरात, माझ्या तोंडानं सांगण्याचं देणं मी प्रल्हादला लागतो.